आत कोणी ऐकत असेल तर

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज नव्या कामाला हात लावला. इतकी वर्षं कूलरच्या मोटारी, पाण्याचे पंप आणि मिक्सर यांची माहितीपत्रकं लिहिली. "यंत्र चालू असताना हात घालू नये" हे वाक्य मी झोपेतही लिहीन. आता रामदासपेठेतली ही कंपनी म्हणते, माणसांसाठी पुष्कळ लिहिलं, एजंटांसाठी लिहा. धनश्रीला वाटलं विमा एजंट. तसं नाही. हा कॉम्प्युटरमधला एजंट. आपण काम सांगायचं आणि त्याने आपल्या अकलेने ते तडीस न्यायचं. त्याच्याजवळ अवजारं असतात. कोणतं अवजार केव्हा उचलायचं, हे तो त्या अवजारासोबत लिहिलेल्या चार ओळी वाचून ठरवतो. त्या चार ओळी लिहिणं ही माझी नोकरी.

पहिलंच अवजार पोर्ट फॉरवर्डिंगचं. वैभवीने समजावून सांगितलं. ही मुलगी माझं लिखाण एजंटला देऊन तो काय दिवे लावतो ते बघते. वयाने माझ्या निम्मी, मला सर म्हणते आणि लगेच चूक दाखवते. एजंट एका बंद कॉम्प्युटरमध्ये बसून काम करतो. आत त्याने एखादी वेबसाइट बनवली तर ती बाहेरच्याला दिसत नाही. पोर्ट म्हणजे आतलं एक दार, नंबर असलेलं. पोर्ट फॉरवर्ड करणं म्हणजे बाहेरच्या एका दाराशी जो येईल त्याला परस्पर त्या आतल्या दाराशी नेऊन सोडणं. यात कठीण काय आहे, मी म्हटलं.

संध्याकाळी दिवेलागणीला नेहमीप्रमाणे आईचा फोन. ती दादाकडे राहते, इतवारीत. दादाशी, म्हणजे सुशीलशी, मी दोन वर्षं बोललेलो नाही. तेव्हा त्याच्या घरी पाय ठेवायचा प्रश्नच नाही. आई अधूनमधून ऑटोने आमच्याकडे सक्करदऱ्याला येते, बाकी रोज फोन. दिवाळीपासून तिचा आवाज बसलाय. आज तपासणी झाली. स्वरतंतूवर गाठ आहे, ती काढून तपासायला पाठवायची. डॉक्टर म्हणाले, साधीच असावी. 'असावी' हा शब्द मला मिक्सरच्या पत्रकातही चालत नाही.

डॉक्टरांनी तिला विचारलं, आजी, आयुष्यभर मोठ्याने बोलत होता का? बाबांचा हातमाग घरात होता. त्या खटखटीत आई ओरडूनच बोलायची. माग जाऊन जमाना झाला, आईची पट्टी खाली आली नाही. आता ऑपरेशननंतर आठ-दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही.

म्हणजे त्या दिवसांत दादाकडचं मला काही कळणार नाही. माझं काही त्याला सांगायचं असलं तर तेही राहील. तसं मला काही सांगायचं नसतंच म्हणा.


१२ नोव्हेंबर, बुधवार

वर्णन लिहून दिलं. ऑफिसात इंग्रजीत लिहितो, पण कच्चं मराठीत केल्याशिवाय माझा हात चालत नाही. लिहिलं होतं: "या अवजाराने तुमचं काम कोणालाही, कुठूनही, सहज पाहता येईल." मला वाटलं, काय सुटसुटीत वाक्य!

वैभवीने एजंटला एक फॉर्म तपासायला दिला. त्यात गिऱ्हाइकांची नावं आणि पत्ते होते, अर्थात खोटे. एजंटने माझ्या चार ओळी वाचल्या आणि तो फॉर्म साऱ्या जगाला उघडा करून ठेवला. वैभवी म्हणाली, "सर, तुम्ही तं लग्नपत्रिका लिहून राहिले. सर्वांनी अगत्याने येण्याचे करावे."

हसलो नाही. पत्रिका हा शब्द निघाला की माझं डोकं सरकतं, तिला ते काय माहीत. दादाच्या मुलीचं, हर्षाचं लग्न, दोन वर्षांपूर्वीचं. आमच्यात सख्ख्या माणसाला पत्रिका द्यायला स्वतः घरी येतात, अक्षत हातावर ठेवतात, मग चहा. सोयऱ्यांकडे दादा स्वतः फिरला. उमरेडला गेला, भंडाऱ्याला गेला. माझ्या घरची पत्रिका आली आईच्या पिशवीतून, केळ्यांच्या घडाखालून. सख्ख्या भावाला आईच्या हाती पत्रिका! लग्नाला गेलो, मागच्या खुर्चीवर बसलो, न जेवता आलो. त्यानेही नंतर विचारलं नाही, का रे जेवला नाहीस. संपलं.

धनश्री मागे एकदा म्हणाली होती, "आईच म्हणाल्या होत्या म्हणे, हेमराजच्या घरी मीच नेईन." म्हटलं, आई म्हणेल, पण त्याला अक्कल नको?


१५ नोव्हेंबर, शनिवार

आईने सांबारवडी पाठवली. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि थंडी पडली की ही वडी खाल्ल्याशिवाय थंडी लागतच नाही. या वयात, घसा असा असताना, एवढी खटपट. आत खसखस, खोबरं, चारोळी, सगळं बेतात. पहिला घास खाल्ला आणि डोळे भरून आले. धनश्रीला म्हटलं, आईच्या हाताची चव कोणाला येणं नाही. वहिनी तीस वर्षं तिच्याजवळ राहिली, पण काही शिकली असेल असं वाटत नाही.

धनश्री म्हणाली, "खा आता गरम गरम." आणि उगाच हसली.

फोनवर आईला काम समजावून सांगितलं. म्हटलं, अडचण अशी आहे की एजंट दार उघडतो आणि विसरून जातो. काम झालं तरी दार उघडंच. आई थोडा वेळ गप्प होती. हल्ली उत्तर द्यायला वेळ घेते, घशामुळे असेल. मागे कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, "पण ते दार लावाचं कोणी, हे सांगतलं काय त्याले? उघडणाऱ्यानंच लावाचं का मालकानं?"

चकित झालो. सातवी शिकलेली बाई!


१८ नोव्हेंबर, मंगळवार

आईच्या प्रश्नावरून आज नव्याने लिहिलं. दार कोणासाठी उघडायचं, किती वेळ, आणि लावणार कोण. "काम संपल्यावर ज्याने दार उघडलं त्यानेच ते याच अवजाराने बंद करावं, आणि बंद झालं हे तपासावं." वैभवी म्हणाली, आता जमून राहिलं. श्रेय आईचं आहे हे मी तिला सांगितलं.

संध्याकाळी फोन ठेवता ठेवता आईने सांगितलं, "तुह्या गाडीचे ब्रेक बहुत आवाज करून राहिले म्हणे. दाखवून घे बाप्पा."

पाहू.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑपरेशनची तारीख आली. सत्तावीसला, आमच्या ऑफिसपासून जवळच्याच दवाखान्यात. दिवसभर त्याचंच मनात. 'असावी' काही डोक्यातून जात नाही.

कामात नवीन भानगड. एजंटने आतला प्रोग्राम सुरूच केला नव्हता आणि दार उघडून बसला. बाहेरून कोणी आलं की उत्तर नाही. तर या पठ्ठ्याने काय करावं? दार बंद केलं, पुन्हा उघडलं. पुन्हा बंद, पुन्हा उघड. आपलं दारच बिघडलंय असा त्याचा समज. मी लिहिलं: "हे अवजार फक्त वाट करून देतं. आत कोणी ऐकत असेल तरच उत्तर येईल. उत्तर आलं नाही तर पुन्हा दार उघडू नका. आत कोणी ऐकतंय का ते आधी पाहा."

वैभवीने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मोठी मजेची. अशा वाटेने येणारा पाहुणा आतल्या प्रोग्रामला पाहुणा वाटतच नाही. वाट करून देणारा आतलाच असतो ना, मग त्याला दिसतो फक्त तो. त्याला वाटतं, आपल्याच घरातलं माणूस बोलतंय. खरा बोलणारा मागे कुठे बसलाय, त्याला पत्ता नसतो.

"कधीच कळत नाही?" मी विचारलं.

"वाट करून देणाऱ्यानं सांगितलं तरच."

इतका कसा बावळट तो प्रोग्राम! घरी येऊन धनश्रीला हे सांगून खूप हसलो. तीही खूप हसली, मला वाटलं त्यापेक्षा जास्तच.

ब्रेकचं राहून गेलं.


२६ नोव्हेंबर, बुधवार

उद्या ऑपरेशन. आज फोन नेहमीपेक्षा लवकर आला. आवाज म्हणजे नुसता फाटका कागद.

"काही बोलाचं असन त आजच बोलून घे गा. मंग माह्या तोंडाले कुलूप."

तू घाबरू नको, एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "मी काहून घाबरू? तुमीच घाबरले दोघं." मग मी म्हटलं, दादाला सांग, सकाळी दवाखान्यात मी थांबतो, त्याने खुशाल कापडाचं दुकान उघडावं.

आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "तो म्हणते, दुकान बंदच हाय उद्या."

बघा, विचारायलाही जावं लागलं नाही. लेकाच्या मनातलं तिला बसल्या जागी कळतं.

फोन ठेवण्यापूर्वी तिने पुन्हा ब्रेकचा विषय काढला. एवढी मोठी गोष्ट समोर असताना या बाईला माझ्या स्कूटरची चिंता. फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसलो. आई उद्यापासून बोलणार नाही. गाठ साधी निघाली नाही तर काय, हा विचार मी लिहिणार नव्हतो, पण लिहिला.


२७ नोव्हेंबर, गुरुवार

ऑपरेशन नीट झालं. गाठ तपासायला गेली, रिपोर्ट पुढच्या आठवड्यात.

दादा बारीक झालाय. कानाजवळ केस पांढरे झालेत. तो माझ्याआधी येऊन बसला होता. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो, मध्ये दोन पिशव्या आणि थर्मास. तो पेपर वाचत होता. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, पान उलटत नव्हतं.

दुपारी आईला खोलीत आणलं. पलंगाच्या एका बाजूला तो, एका बाजूला मी. तो आईला म्हणाला, "आई, थर्मासात चहा हाय म्हणा. कोणाले पाहिजे असन त." मी आईला म्हणालो, "आई, माझा झाला बाहेर टपरीवर." तो म्हणाला, "आई, सकाळपासून उपाशी असन त डबा पण हाय." मी म्हणालो, "आई, काळजी नको करू, मी खाऊन घेईन."

आई एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. एरवी एवढ्या चार वाक्यांवर तिने आमचं दहा वाक्यांचं बोलणं करून दिलं असतं. तिने हात वर केला. मला वाटलं पाणी मागते. तिने तोंडावर बोट ठेवलं, डोळे मिटले आणि भिंतीकडे कूस वळवली. नर्स आत आली तर खोलीत आम्ही दोघं आणि आईची पाठ.

दादा खिडकीपाशी गेला. मी बाहेर आलो. थर्मासातला चहा कोणीच घेतला नाही. मला चहा हवा होता.


२९ नोव्हेंबर, शनिवार

आईला काल इतवारीला घरी नेलं. दिवेलागणीला फोन वाजला नाही. वाजणार नव्हताच. तरी फोन उलटा-सुलटा करून पाहिला.

दादाचा नंबर माझ्याकडे आहे. भांडणानंतरही पुसला नाही. कोणाचा फोन उचलायचा नाही हे कळायला नाव नको का? त्याने दोन वर्षांत केलाच नाही, तो भाग वेगळा.

धनश्री म्हणाली, "करा ना तुम्हीच." म्हटलं, तिकडे ऐकायला कोणी बसलंय का?

"दार वाजवल्याशिवाय कसं कळन?" ती म्हणाली. मी पेपर उघडला.


१ डिसेंबर, सोमवार

वर्णन पक्कं झालं. वैभवीने एजंटला दिवसभर पिदवलं. दार ज्याच्यासाठी होतं त्याच्यासाठीच उघडलं, आत कोणी ऐकतंय का ते आधी पाहिलं आणि काम झाल्यावर लावून घेतलं. एका कामात तर दाराची गरजच नव्हती, तिथे त्याने अवजाराला हात लावला नाही. वैभवी म्हणाली, हे सगळ्यात चांगलं. मला खरोखर आनंद झाला. पहिला विचार आला की संध्याकाळी आईला सांगू.

मग कोणाला सांगावं ते सुचेना. धनश्रीला सांगितलं. ती म्हणाली, छान.


३ डिसेंबर, बुधवार

आज फोन वाजला. पडद्यावर 'आई'. घाबरून उचलला आणि ओरडलो, "आई, बोलू नको! डॉक्टरांनी काय सांगितलं?"

पलीकडे कोणाचा तरी श्वास.

"आई नाही बे. मी होय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रिपोर्ट आला," दादा म्हणाला. "काही नाही निघालं. साधी गाठ." आणि मग त्याचा आवाज फुटला. "साधी हाय बे हेमू. काही नाही निघालं."

दोन वर्षांत मला कोणी हेमू म्हटलं नव्हतं. आई हेमराज म्हणते. मी "हो हो" एवढंच म्हणत राहिलो आणि डोळे पुसत राहिलो. धनश्री स्वयंपाकघरातून धावत आली, तिला हातानेच सांगितलं, चांगलं आहे, चांगलं आहे.

मग फोन ठेवायचा कोणी, हे कळेना. शेवटी तो म्हणाला, "ब्रेक केले काय बे?"

"नाही अजून."

"काहून नाही? त्या दिवशी सक्करदरा चौकात बसच्या मागे कसा थांबला तू! माहा जीव वर आला होता."

"करतो उद्या," मी म्हणालो.

"उद्या नक्की कर. आणि इकडे ये. आई वाट पाहून राहिली."

फोन ठेवल्यावर वाटलं, आईने ब्रेकचं यालाही सांगून ठेवलेलं दिसतं. पण आई चौकात कधी होती? ती ऑटोने येते, तीही दुपारची.

आज एवढंच पुरे. रिपोर्ट चांगला आहे.


५ डिसेंबर, शुक्रवार

ऑफिसातून लवकर निघालो, ब्रेक केले आणि इतवारीला गेलो. भांड्यांच्या हातगाड्यांतून वाट काढत त्या गल्लीत वळलो. दादा दारातच उभा होता. आत ये म्हणाला नाही, नुसता बाजूला झाला. मीही चप्पल काढून सरळ आत गेलो.

आई खाटेवर बसली होती. अजून बोलायचं नाही. मला पाहून हसली, आवाज न करता, सगळं अंग हलवून.

वहिनीने सांबारवडी तळली. कढईतली पहिली माझ्या ताटात. खाल्ली आणि हातातला घास हातातच राहिला. तीच. खसखस तीच, चारोळी तीच. मी आईकडे पाहिलं. आई छताकडे पाहत होती. वहिनी म्हणाली, "आणखी घ्या भाऊजी. मागच्या वेळी डब्यात कमी झाली, धनश्रीनं सांगतलं."

मी आणखी चार घेतल्या. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

दादाने कामाचं विचारलं. म्हटलं, ते दार आता एजंट स्वतः लावतो. तो म्हणाला, "मी म्हटलंच होतं, लावाचं कोणी हे लिहून टाक म्हणून." आणि मग जीभ चावून ताटात पाहू लागला.

मी वडी चावत राहिलो. त्या बावळट प्रोग्रामवर मी किती हसलो होतो, ते आठवलं. धनश्रीचं हसूही आठवलं.


७ डिसेंबर, रविवार

आज डॉक्टरांनी आईला बोलायची परवानगी दिली. थोडं, हळू, घसा न ताणता. दादाच्या घरी सगळे तिच्याभोवती बसलो. काय म्हणते, सगळ्यांचं लक्ष तिकडे. मी म्हणालो, "आई, दादाला विचार, पुढच्या रविवारी आमच्याकडे जेवायला येतील का सगळे." तोंडातून गेल्यावर कळलं, सवयीने गेलं. दादा माझ्या शेजारीच बसला होता, गुडघ्याला गुडघा लागत होता.

आईने घशावर हात ठेवला. आवाज नवाच होता, हलका, मी कधी न ऐकलेला.

"तुमचं तुमी बोला आता. मी दमली बाप्पा."

दादा भिंतीकडे पाहत होता. मग मी त्याच्याकडे वळलो आणि म्हणालो, "दादा, पुढच्या रविवारी जेवायला ये. सगळ्यांना घेऊन ये." तो म्हणाला, "असं नाही. रीतसर घरी येऊन सांग."

मी घरी आलो. धनश्रीला घेतलं, वाटीत अक्षता घेतल्या आणि तसाच पुन्हा इतवारीला गेलो. त्याच्या हातावर अक्षत ठेवली. दादाने मूठ मिटली आणि बराच वेळ उघडली नाही. वहिनीने चहा टाकला. यावेळी प्यालो.


८ डिसेंबर, सोमवार

ऑफिसात दुसरं अवजार आलंय, उद्यापासून त्याचं लिहायचं.

दिवेलागणीला फोन वाजला. पडद्यावर 'दादा'. पहिल्या घंटेलाच उचलला.